किरमिजी गुलाबाची परीक्षा

गुलाबाचे कलम आपण बहुधा फूल पाहून घेतो. रोपवाटिकेत काळ्या पिशवीतल्या हातभर झाडावर एक गडद किरमिजी, मखमली फूल उमललेले असते. ते हुंगले की किंमत विचारण्याआधीच आपला निर्णय झालेला असतो. पण ते फूल आठवडाभरात गळून जाते. झाड मात्र पुढे अनेक वर्षे आपल्या अंगणात किंवा शाळेच्या वाफ्यात उभे राहणार असते. पावसाळ्यात त्याची पाने टिकतील का, वर्षातून किती वेळा बहर येईल, फुलाचा लाल रंग तिसऱ्या दिवशी जांभळट होईल का, दर आठवड्याला बुरशीनाशक फवारावे लागेल का, या प्रश्नांची उत्तरे त्या एका फुलात नसतात.

शाळेच्या बागेसाठी यातला शेवटचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. जिथे मुले रोज पानांना हात लावणार आणि फुले हुंगणार, तिथे सतत फवारणी मागणारे झाड लावावे का? ‘चांगला गुलाब’ कोणता, हे ठरवण्यासाठी आधी ‘कशासाठी चांगला’ हे ठरवावे लागते आणि मग मोजमाप करावे लागते. ही परीक्षा कशी घ्यावी, तिच्यामागे विज्ञान कोणते, हे एका प्रसिद्ध किरमिजी घराण्याच्या उदाहरणाने पाहू.

किरमिजी म्हणजे कोणता लाल?

लाल गुलाब अनेक तऱ्हांचे असतात. शेंदराकडे झुकणारा, नारिंगी झाक असलेला लाल वेगळा आणि किंचित निळसर झाक असलेला गडद किरमिजी वेगळा. ‘किरमिजी’ हा शब्द ‘किरमिज’ या किड्यापासून मिळणाऱ्या रंगावरून आला. अरबी-फारसीतला ‘किर्मिझ’, संस्कृतातला ‘कृमि’ आणि इंग्रजीतला ‘क्रिमझन’ हे एकाच गोत्रातले शब्द आहेत. रंगाऱ्यांच्या कारखान्यातला हा शब्द पुढे बागेत आला.

युरोपातल्या जुन्या लाल गुलाबांची फुले उमलल्यावर लवकर जांभळट होत आणि बहुतेकांना वर्षातून एकदाच बहर येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले बागाईत गुलाब युरोपात पोचले. त्यांतल्या एका जातीने खरा किरमिजी रंग आणला आणि चिनी गुलाबांनी मिळून वारंवार फुलण्याचा गुण आणला. या गुणाचे कारण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. फुलण्याला लगाम घालणारे एक जनुक गुलाबात असते. सतत फुलणाऱ्या गुलाबांत या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा शिरून बसलेला आहे. त्यामुळे लगाम सुटतो आणि प्रत्येक नवी फूट शेंड्याला कळी धरते.

चिनी वंशाच्या ‘टी’ गुलाबांचा युरोपीय गुलाबांशी संकर झाला आणि ‘हायब्रिड टी’ हा वर्ग जन्मला. फ्रान्समधल्या गियो यांनी १८६७ साली आणलेला ‘ला फ्रान्स’ हा या वर्गाचा पहिला प्रतिनिधी मानतात. लांब दांडा, दांड्यावर बहुधा एकच मोठे फूल, टोकदार कळी आणि मधोमध उंच राहणाऱ्या पाकळ्या ही या वर्गाची ओळख होय.

एक जोडपे, तीन भावंडे

१९३५ साली जर्मनीतल्या विल्हेल्म कोर्डेस यांनी ‘क्रिमझन ग्लोरी’ हा वाण आणला. मखमली गडद रंग आणि भरगच्च सुगंध यांमुळे तो जगभर गेला. त्याच्यात दोषही होते. फुलाच्या वजनाने मान वाकत असे आणि पानांवर भुरी सहज पडत असे. तरीही पैदासकारांनी त्याला पुन्हा पुन्हा पालक म्हणून वापरले. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी त्याच्यापासून १९४० साली ‘शार्लट आर्मस्ट्राँग’ मिळवला. पुढे त्यांनी शार्लट आर्मस्ट्राँगचा संकर तिच्याच संततीशी, म्हणजे ‘मिरँडी’शी केला. त्यातून १९५२ साली ‘क्रायस्लर इंपीरियल’ आला. याचा अर्थ असा, की शार्लट आर्मस्ट्राँग ही क्रायस्लर इंपीरियलची एका बाजूने आई आणि दुसऱ्या बाजूने आजी आहे. अशा जवळच्या संकरात हवे ते गुण घट्ट होतात, पण नको असलेलेही सोबत येतात. प्रदर्शनात शोभणारे किरमिजी गुलाब रोगांना बळी का पडतात, याचे एक कारण या वंशावळीत दडलेले आहे.

यानंतर क्रायस्लर इंपीरियल आणि फ्रान्सचा ‘शार्ल मालराँ’ या दोन गडद लाल वाणांचा संकर दोन देशांत स्वतंत्रपणे झाला. फ्रान्समध्ये आलँ मेयाँ यांनी १९६३ साली ‘पापा मेयाँ’ आणला आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले. अमेरिकेत स्विम आणि वीक्स यांनी १९६४ साली त्याच जोडप्यापासून ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ असे दोन वाण दिले. तिन्ही गडद किरमिजी, तिन्ही सुगंधी; पण स्वभाव वेगळे. पापा मेयाँचे फूल अत्यंत देखणे, पण झाड नाजूक, भुरीला हळवे आणि फुले देण्यात काटकसरी. मिस्टर लिंकन उंच, जोमदार, लांब दांड्याचा आणि भरपूर फुलणारा. त्याची कळी सुरेख असते, पण पूर्ण उमललेले फूल काहीसे पसरट होते. ओक्लाहोमाचे फूल सर्वांत काळसर आणि घुमटासारखे भरलेले असते. त्याला ऊब मानवते, थंड हवेत कळ्या नीट उघडत नाहीत.

एकाच आईबापाची मुले इतकी वेगळी कशी? वर्गात सांगण्याजोगे गणित यात आहे. बहुतेक हायब्रिड टी गुलाब चतुर्गुणित आहेत. त्यांच्या पेशीत २८ गुणसूत्रे, म्हणजे सात गुणसूत्रांचे चार संच असतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक चौकडीतली दोन गुणसूत्रे निवडली जातात. चारांतून दोन निवडण्याचे सहा मार्ग आहेत. चारही गुणसूत्रे परस्परांहून वेगळी आहेत असे धरले, तर सात चौकड्यांसाठी ६ चा सातवा घात, म्हणजे २,७९,९३६ प्रकारची युग्मके एका पालकाकडून संभवतात. दोन्ही पालक मिळून ही संख्या सुमारे ७८ अब्ज होते. गुणसूत्रांमधली अदलाबदल यात धरलेलीच नाही. म्हणून एका संकरातून हजारो रोपे वाढवून त्यांतले एखादेच निवडावे लागते.

निवड झाल्यावर मात्र बियांचे काम संपते. पुढची सगळी वाढ डोळा भरून होते. त्यामुळे जगातले प्रत्येक ‘पापा मेयाँ’ जनुकीय दृष्ट्या एकाच रोपाचा विस्तार आहे. परीक्षकाला याचा मोठा उपयोग होतो. एकाच वाणाची दोन ठिकाणची झाडे वेगळी वागली, तर फरक हवा, माती, खुंट, निगा किंवा रोग यांचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

रंग: पहिल्या दिवशीचा आणि पाचव्या दिवशीचा

किरमिजी गुलाबाचे मुख्य रंगद्रव्य सायनिन हे अँथोसायनिन गटातले संयुग आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर यांनी १९१३ साली निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून सायनिन वेगळे केले आणि पुढे लाल गुलाबातही तेच द्रव्य असल्याचे दाखवले. वनस्पतींमधील रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच द्रव्य एका फुलात लाल आणि दुसऱ्यात निळे का, याचे उत्तर त्यांनी पेशीरसाच्या आम्लतेत शोधले. पुढे कळले, की कॉर्नफ्लॉवरमध्ये हे रंगद्रव्य लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फ्लेव्होन यांच्यासह एका मोठ्या संकुलात बांधलेले असते. या संकुलाची रचना २००५ साली स्पष्ट झाली.

गुलाबात मात्र आम्लतेला महत्त्व आहेच. ताज्या पाकळीच्या पेशीतली रिक्तिका आम्लधर्मी असते. फूल जुने होऊ लागले की पाकळीतली शर्करा संपत जाते, प्रथिनांचे विघटन होते आणि अमोनिया तयार होतो. रसाचा सामू वाढतो, सोबतच्या रंगहीन फ्लेव्होनॉलांशी सायनिनची जोडी वेगळ्या तऱ्हेने जमते आणि किरमिजी रंग निळसर, जांभळट दिसू लागतो. मातीचा सामू बदलून गुलाबाचा रंग बदलत नाही, हेही येथे सांगायला हवे. ती करामत हायड्रेंजियाची आहे आणि तिचे कारण मातीतले ॲल्युमिनियम आहे.

मखमली पोत हा रंगद्रव्याचा नव्हे, तर पृष्ठभागाचा गुण आहे. पाकळीच्या वरच्या बाजूच्या पेशी शंकूसारख्या उंचावलेल्या असतात. त्यांच्यामध्ये प्रकाश अडकतो आणि पुन्हा पुन्हा रंगद्रव्यातून जातो. म्हणून रंग खोल वाटतो. पाकळी उलटी करून पाहा. खालच्या बाजूच्या पेशी चपट्या असल्याने ती बाजू फिकट आणि निस्तेज दिसते.

हवामानाचाही परिणाम होतो. थंडीत अँथोसायनिन जास्त साठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हीच फुले काळसर दिसतात. उन्हाळ्यात फूल लहान होते, पाकळ्या कमी भरतात आणि गडद पाकळ्यांच्या कडा उन्हाने करपतात. म्हणून रंगाचे गुण एकाच ऋतूत देऊ नयेत. एकाच फुलाची उमलल्यापासून गळेपर्यंत रोज नोंद घ्यावी.

सुगंध: एका विकराची गोष्ट

गुलाबाच्या वासात शेकडो संयुगे असतात. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि फिनाइलएथिल अल्कोहोल ही त्यांतली ओळखीची नावे. जिरॅनिऑल इतर वनस्पतींप्रमाणे गुलाबातही टर्पीन सिंथेज या विकरामुळे तयार होत असेल, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी वेगळीच गोष्ट उघड केली. त्यांनी तुलनेसाठी दोन वाण घेतले: सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ वास नसलेला ‘रूज मेयाँ’. दोन्हींच्या पाकळ्यांत कोणती जनुके कार्यरत आहेत हे पडताळले, तेव्हा सुगंधी वाणात ‘नडएक्स-१’ नावाच्या विकराचे जनुक फार मोठ्या प्रमाणावर चालू असल्याचे आढळले. या कुळातली विकरे पेशीतली नको असलेली द्रव्ये दूर करण्यासाठी ओळखली जात होती. सुगंधाशी त्यांचा संबंध कोणी जोडला नव्हता. गुलाबात हे विकर जिरॅनिल डायफॉस्फेटमधला एक फॉस्फेट गट तोडते. दुसरा गट पुढच्या पायरीत निघतो आणि जिरॅनिऑल मोकळे होते. बागेतल्या फुलाने असा मूलभूत शोध मिळवून द्यावा, याचे कौतुक वाटते.

‘लाल गुलाब म्हणजे सुगंधी गुलाब’ हे समीकरण मात्र खरे नाही. रंग आणि सुगंध यांचे रासायनिक मार्ग वेगळे आहेत. फुलवाल्याकडचे अनेक लाल गुलाब बिनवासाचे असतात, कारण त्यांची निवड दांड्याची लांबी, फुलांची संख्या आणि प्रवासात टिकण्याची क्षमता पाहून झालेली असते. सुगंधाची परीक्षा सकाळी, अर्धवट उमललेल्या फुलावर घ्यावी. दुपारच्या उन्हात वास उडून गेलेला असतो.

पानांचा निकाल

फूल झाडावर आठवडाभर राहते, पाने वर्षभर. बागेच्या दृष्टीने खरी परीक्षा पानांची आहे, आणि महाराष्ट्रात ती दोन सत्रांत होते.

पहिले सत्र पावसाळ्याचे. तेव्हा ‘डिप्लोकार्पॉन रोझी’ या बुरशीचे काळे ठिपके पानांवर येतात. ठिपक्यांच्या कडा झालरीसारख्या असतात. भोवतीचे पान पिवळे पडते आणि गळते. या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सुमारे सात तास किंवा अधिक काळ सलग ओले राहावे लागते. म्हणूनच संध्याकाळी पानांवर पाणी मारणे वाईट आणि सकाळी बुंध्याशी पाणी देणे चांगले. दुसरे सत्र हिवाळ्याचे. दिवस कोरडे, रात्री थंड व दमट असल्या की भुरी पडते. हिच्या बीजाणूंना पान ओले असण्याची गरज नसते. कोवळी पाने पिठाळ होतात, वळतात. कळीची मानसुद्धा पांढरी होते. दोन बुरशींच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे एका रोगाला तोंड देणारा वाण दुसऱ्यालाही देईल, असे गृहीत धरता येत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या चाचण्यांचे निकाल येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच. गव्हाच्या वाणांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बी. पी. पाल हे स्वतः गुलाबांचे पैदासकार होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक. त्यांनी ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथच लिहिला. गुलाबाकडे भारतीय हवामानाच्या संदर्भात पाहण्याची दृष्टी अशा कामातून मिळते.

गुण कशाला किती?

अमेरिकन रोझ सोसायटीच्या प्रदर्शनांत फुलाला १०० पैकी गुण देतात: घाट २५, रंग २०, दांडा व पाने २०, पाकळ्यांचा कणखरपणा १५, तोल १० आणि आकारमान १०. यात सुगंधाला वेगळे गुण नाहीत आणि वर्षभरात झाडाने किती फुले दिली, याची विचारपूस नाही. हा त्या पद्धतीचा दोष नव्हे. प्रदर्शनात कापलेले फूल तपासायचे असते, झाड नव्हे. याउलट जर्मनीतल्या ‘एडीआर’ चाचणीत झाडे वेगवेगळ्या ठिकाणच्या बागांत तीन वर्षे तपासतात आणि १९९७ पासून तेथे बुरशीनाशकाची फवारणी करत नाहीत.

शाळेच्या बागेसाठी पुढील वाटणी सुचवावीशी वाटते: पानांचे आरोग्य २५, बहराचे प्रमाण व सातत्य २०, झाडाची ठेवण व जोम १५, रंग व त्याचे टिकणे १५, सुगंध १५, फुलाचा घाट व मान १०.

वाटणी बदलली की निकाल कसा फिरतो, हे मुलांनी स्वतः करून पाहावे. समजा, दोन काल्पनिक वाणांना प्रत्येक बाबतीत १० पैकी गुण मिळाले. ‘अ’ला वरील क्रमाने ४, ५, ५, ९, ९, ९ आणि ‘ब’ला ७, ८, ८, ७, ८, ६. शाळेच्या वाटणीने ‘अ’चे १०० पैकी ६३.५ आणि ‘ब’चे ७४ होतात. आता घाटाला ४०, रंगाला ३०, सुगंधाला २० आणि पानांना १० गुण ठेवले, तर ‘अ’चे ८५ आणि ‘ब’चे ६८ होतात. मोजमाप तेच, झाडे तीच, निकाल उलटा. म्हणून वाटणी परीक्षेपूर्वी ठरवून वहीत लिहून ठेवावी. निकाल पाहून वाटणी ठरवली, तर ती परीक्षा राहत नाही.

शाळेत परीक्षा घेताना

एका वाणाची निदान तीन झाडे घ्यावीत. एकच झाड बिघडले तर दोष वाणाचा की त्या जागेचा, हे कळत नाही. सर्व कलमे एकाच प्रकारच्या खुंटावरची असावीत आणि सर्वांना दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळावे. वाणांची झाडे आलटूनपालटून लावावीत, म्हणजे एका वाणाच्या वाट्याला सगळी चांगली जमीन जाणार नाही. झाडांना नावांऐवजी क्रमांक द्यावेत. प्रसिद्ध नाव वाचले की गुण नकळत वाढतात.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करून तारीख लिहावी. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. दर शनिवारी प्रत्येक झाडावरची फुले, कळ्या, गळलेली पाने आणि रोगट पाने मोजावीत. ‘रोग थोडा आहे’ असे न लिहिता ‘दहा पानांपैकी तीनांवर ठिपके’ असे लिहावे. सुगंधासाठी पाच विद्यार्थ्यांनी डोळे बांधून, एकमेकांना न सांगता गुण द्यावेत आणि सरासरी काढावी. ही नोंद निदान एक पूर्ण वर्ष, शक्य तर दोन वर्षे ठेवावी; पावसाळा वगळून काढलेला निकाल अपुरा असतो.

रंगासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. फवारणी न केलेल्या फुलाच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरगळून अर्क गाळून घ्या. एका भागात लिंबाचा रस घाला. रंग उजळ लाल होतो. दुसऱ्या भागात खाण्याचा सोडा चिमूटभर घाला. रंग निळसर-हिरवट होतो. मग नुकत्या उमललेल्या आणि कोमेजू लागलेल्या पाकळ्यांचे अर्क ऊर्ध्वपातित पाण्यात वेगवेगळे काढून सामू-कागदाने तपासा. फरक लहान असतो, म्हणून कमी टप्प्यांचा कागद वापरावा आणि तीन-तीन फुले घ्यावीत.

मग लावावे कोणते?

पापा मेयाँला १९७४ साली सुगंधासाठीचे गँबल पदक मिळाले आणि १९८८ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला सन्माननीय वाणांच्या यादीत घेतले. फुलापुरता तो मान योग्य आहे. पण शाळेच्या बागेची वाटणी लावली, तर पहिली पसंती मी त्याला देणार नाही. ज्याला एकच झाड जपायचे आहे, रोज सकाळी त्याची पाने न्याहाळायची आहेत, त्याने तो जरूर लावावा. वाफ्यात लावायचे असेल तर त्याच्या भावंडापासून, मिस्टर लिंकनपासून, चाचणी सुरू करावी. तो रोगमुक्त नाही. पण ठिपक्यांनी पाने गळाली तरी नवी फूट जोमाने धरतो. ऊन कडक असलेल्या ठिकाणी ओक्लाहोमालाही संधी द्यावी.

हा सल्ला अंतिम मानू नये. कोकणातल्या शाळेत पाने जितके तास ओली राहतात तितके सोलापुरातल्या शाळेत राहत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडचे निकाल सारखे येण्याचे कारण नाही. दोन शाळांनी एकच वाटणी ठरवून, त्याच तीन वाणांची वर्षभराची नोंद ठेवली आणि वह्यांची अदलाबदल केली, तर दोन्हीकडच्या मुलांना आपापल्या हवेत कोणता किरमिजी गुलाब फवारणीवाचून तगतो, हे आकड्यांनिशी सांगता येईल. रोपवाटिकेतल्या एका फुलाकडे पाहून ते कोणालाच सांगता आले नसते.